दळणाचं अंतर

"अक्का, जगाची लेआउटं काढतीस, आपल्या रानाचं एक काढून दे की. फी मागू नको म्हणजे झालं."

दिवाळीच्या पाडव्याला माहेरी गेले होते. चुलतभाऊ हे बोलला आणि कट्ट्यावर बसलेल्या चारही चुलत्यांनी (तात्या, नाना, बापू, आबा) सुपारी कातरता कातरता माना हलवल्या. म्हणजे घरात आधीच ठरलं होतं, मला फक्त कळवायचं बाकी होतं. 34 एकर, पाच सातबारे. तासगाव रस्त्याला, बुधगाव ओलांडून थोडं आत. कधीकाळी द्राक्षबाग होती, आता निम्म्यात ऊस आणि निम्म्यात नुसतं गवत. एजंटांच्या गाड्या रोज बांधावर उभ्या असतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी 45 आहे), तेव्हापासून सांगलीत प्लॉट घेणारा माणूस भाव नंतर विचारतो. आधी विचारतो, "पाणी येतं का?" आमच्या रानात येत नाही.

मी सांगलीत एका इंजिनिअरांच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. ड्राफ्ट्सवुमन असं कुणी म्हणत नाही, मीही नाही. डिप्लोमा करून 1999 ला लागले. आधी ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेननं, मग ऑटोकॅडवर. एवढ्या वर्षांत किती एकरांचे प्लॉट पाडले याचा हिशेब ठेवला नाही, ठेवला असता तर झोप उडाली असती. माहेरच्या जमिनीत माझं काही नाही, हक्कसोड कधीच करून दिलंय. म्हणूनच बहुतेक त्यांनी मला विचारलं. जिला काही मिळणार नाही, ती कुणाच्या बाजूनं रेघ वाकडी करणार नाही.

आता मी कुठं राहते ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

मी राहते ती कॉलनी मीच काढलेली आहे. 2004 चं काम, अडीच एकरांचा एक गट. मधोमध नऊ मीटरचा रस्ता, दोन्ही अंगांना प्लॉट, शेवटी गाडी वळवायला गोल. नियमात चोख, एका बैठकीत मंजूर. लग्नानंतर आम्ही त्यातलाच एक प्लॉट घेतला, कारण साहेबांनी हप्त्यानं दिला. पलीकडच्या गटात दुसऱ्या ऑफिसनं तसलंच लेआउट काढलं. त्याचा रस्ता उलट्या बाजूनं येतो आणि त्याच बांधावर संपतो. दोन रस्त्यांच्या टोकांमध्ये बारा फूट अंतर आणि एक भिंत. पलीकडं माझी मैत्रीण राहते. तिनं फोडणी घातली की मला शिंक येते. पण तिच्या दारात जायचं तर मेन रोडला बाहेर पडून, पेट्रोल पंपावरून वळून सव्वा किलोमीटर. मी स्कूटीवर जाते. तिचा मुलगा आमच्या गल्लीतल्या बाईंकडं शिकवणीला यायचा, त्याला तिचा नवरा गाडीवर सोडायचा. बारा फुटांसाठी!

2011 च्या सुमारास एका रात्रीत त्या भिंतीच्या पाच-सहा विटा निघाल्या. कुणी काढल्या कुणालाच माहीत नाही, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. कॉलनीची मीटिंग झाली, "चोरांना वाट झाली" असं ठरलं आणि भगदाड बुजवलं. हात वर करणाऱ्यांत मीही होते. महिन्याभरात परत निघालं, परत बुजवलं, परत निघालं. आता कुणी बुजवत नाही. अंग चोरून, आडवं होऊन माणूस जातो. धुणंभांडीवाल्या मावशी जातात, पोरं दप्तर आधी पलीकडं टाकून जातात. दुधाचा कॅन मात्र जात नाही, दूधवाला वळसाच घालतो. एवढ्या वर्षांत विटांच्या कडा हात लागून लागून गुळगुळीत झाल्यात, देवळाच्या उंबऱ्यासारख्या. त्या तेलकट कडेवर हात ठेवला की मला माझं 2004 चं ड्रॉइंग आठवतं. तिथं मी एक जाड रेघ मारली होती आणि रेघेपलीकडं काही नव्हतं. ऑटोकॅडमध्ये हद्दीच्या बाहेर नुसता काळा पडदा असतो.

आमच्याकडची शहरं अशीच पसरतात. अमेरिकेत मोटारींमुळं पसरली म्हणतात, आमच्याकडं बांधामुळं. एक गट, एक सातबारा, एक फाईल. ज्याला पैशाची नड लागली त्यानं आपला तुकडा पाडला, शेजाऱ्यानं चार वर्षांनी. मध्ये कुणी तरी गुंठा-गुंठा विकून मोकळा. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून 1998 ला महापालिका झाली, तेव्हा असला गुंठेवारीचा पसारा आधीच पडलेला होता. 2001 ला गुंठेवारीचा कायदा आला. पैसे भरून घर नियमित करून मिळालं. पण दोन घरांमधून जो रस्ता कधी काढलाच नाही तो कुठल्या कायद्यानं येणार? त्यात आमची काळी माती. पावसाळ्यात असल्या गल्ल्यांत चप्पल हातात घेऊन चालायचं, किंवा ती मातीतच सोडायची.

तर या 34 एकरांत तरी हे होऊ द्यायचं नाही असं मी मनाशी धरलं, आणि पहिल्यांदाच नोकरीबाहेरचं वाचायला घेतलं.

एबेनेझर हॉवर्ड नावाचा माणूस लंडनला पार्लमेंटात शॉर्टहँड घ्यायचा. आर्किटेक्ट नाही, इंजिनिअर नाही. त्यानं 1898 मध्ये मांडलं की शहर पसरू द्यायचं नाही, ठरावीक माणसांचं बांधायचं आणि भोवती शेती राखायची. 6,000 एकरांत 32,000 माणसं, त्यातलं शहर फक्त 1,000 एकरांचं. पाच वर्षांत लेचवर्थला कामही सुरू झालं. कारकुनी करणाऱ्या माणसाचं बघून मला जरा धीर आला. पण माझ्या उपयोगाचा निघाला क्लॅरेन्स पेरी. त्यानं 1929 ला अमेरिकेत साधा हिशेब घातला: एक प्राथमिक शाळा चालेल एवढी माणसं, म्हणजे पाच ते नऊ हजार, साधारण 160 एकरांत बसवायची. मध्ये शाळा, कडेच्या घरापासून मध्यापर्यंत पाव मैल. पाव मैल म्हणजे 400 मीटर, पाच मिनिटांची चाल. मोठा रस्ता कडेनं जाईल, मधून नाही.

मी 160 ला 34 नं भागलं. पावणेपाच. म्हणजे एक धड वस्ती उभी राहायला आमच्यासारख्या पाच भावक्या लागतात.

इथंच माझं घोडं अडलं. आमची जमीन लांबुळकी आहे, रस्त्यापासून आत 690 मीटर आणि रुंदीला 200. भावानं कच्चा हिशेब आधीच केला होता: दहा टक्के ओपन स्पेस, रस्ते वजा जाता दीड हजार फुटांचे सव्वापाचशे-साडेपाचशे प्लॉट. घरात चार माणसं धरली तरी बावीसशे होतात. एवढ्यावर शाळा चालत नाही, दवाखाना चालत नाही, एक किराणा दुकान रडतखडत चालेल. कॅलिफोर्नियात लगुना वेस्ट म्हणून हजारेक एकरांची वसाहत 1990 च्या आसपास पीटर कॅलथॉर्पनं आखली. मध्ये तळं, तळ्यापाशी बाजाराचा चौक, सगळं चालत जाण्याजोगं. घरं झाली, माणसं आली, दुकानं मात्र लवकर येईनात. कागदावर "दुकान" लिहिलं म्हणून वाणी येत नाही. त्याला सकाळी दूध-पाव न्यायला येणारी तोंडं लागतात, तीही जवळ.

आमच्याच जिल्ह्यात याचं उत्तर आहे की नाही म्हणून मामाच्या आठवणी उकरल्या. मामा किर्लोस्करवाडीला कारखान्यात होता. 1910 मध्ये बेळगावची जागा नगरपालिकेच्या कटकटीत सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळ दिला. निवडुंग आणि नाग, बाकी काही नाही. पंचवीस कामगारांची कुटुंबं घेऊन त्यांनी तिथं गाव वसवलं. 32 एकर! आमच्यापेक्षा दोन एकर कमीच. लहानपणी सुट्टीत जायचो तेव्हा मामा जेवायला दुपारी घरी यायचा, चालत. भोंगा झाला की मामी तवा ठेवायची आणि दुसरी भाकरी टोपल्यात पडायच्या आत मामा दारात चपला काढत असायचा. पण ती एका मालकाची जमीन, एका मालकाचा कारखाना. पाच सातबाऱ्यांवर भोंगा कुणाचा वाजवायचा?

मग एप्रिलमध्ये एक उद्योग केला. आईला घेऊन चालले.

आई 74 वर्षांची, गुडघे दुखतात. तिला पाच किलो ज्वारीची पिशवी दिली आणि घरापासून गिरणीपर्यंत चाल म्हटलं. मी मागून मोबाईलवर वेळ लावून. 380 मीटर, सकाळचे साडेदहा. पहिली दोनशे पावलं बोलत गेली. मग बोलणं बंद. मग पिशवी या हातातून त्या हातात. अडीचशे मीटरवर डीपीच्या खांबाची सावली होती, पदरानं तोंड पुसत तिथं उभी राहिली आणि म्हणाली, "तुला काय शिक्षा करायची आहे का मला?" नऊ मिनिटं लागली. दोन दिवसांनी तेवढंच अंतर जुन्या चिंचांच्या वाटेनं चालवलं. सात मिनिटं, एकदाही न थांबता. शेवटी गिरणवाल्याशी भांडायलाही दम शिल्लक होता.

पेरीचे 400 मीटर तिथंच संपले. सांगलीच्या उन्हात, सावली नसेल तर माझ्या आईचं वर्तुळ 250 मीटरचं आहे, आणि ते मी कागदावर कंपासनं काढलं. आमच्या रानाच्या मध्यापासून दोन्ही टोकं 345 मीटरवर येतात. म्हणजे माणसं सारखी पसरून चालणार नाहीत. मधे दाट हवीत, टोकाला विरळ. आणि टोकाच्या माणसाला सावली जास्त.

त्यावरून जो नकाशा झाला तो असा. मधे नानांची पायऱ्यांची विहीर आणि तीन चिंचा आहेत, तिथं ओपन स्पेस. आमच्या धंद्यात ओपन स्पेस म्हणजे ज्या वाकड्या तुकड्यात प्लॉट बसत नाही तो तुकडा. मी स्वतः ओढ्याकडेच्या किती तरी तिरक्या पट्ट्या "बगीचा" म्हणून हिरव्या केल्यात. यावेळी सगळ्यात चांगली जागा दिली. विहिरीभोवती पिठाची गिरणी, वाणी, अंगणवाडी, इस्त्रीवाला, खाली दुकान आणि वर घर असे दुमजली प्लॉट. त्यांना लागून तीन मजली इमारती, म्हणजे कुटुंबं साडेपाचशेवरून नऊशेपर्यंत जातात. प्लॉट एकाच मापाचे नाहीत. एक गुंठा, दीड गुंठा, तीन गुंठे, एकाच गल्लीत. गवंड्याची बायको आणि कॉलेजातल्या मॅडम एकाच गिरणीत उभ्या राहिल्या पाहिजेत, नाहीतर गिरणी चालत नाही. तासगाव रस्त्याच्या तोंडाशी एसटी आणि वडापचा थांबा. आणि दर 80-90 मीटरला आडवा रस्ता, जो दोन्हीकडं थेट शेजाऱ्याच्या बांधापर्यंत जातो आणि तिथं उघडा राहतो. गोल नाही, भिंत नाही.

नकाशा ओट्यावर पसरला. चारी कोपऱ्यांवर चार तांबे ठेवले.

तात्या म्हणाले, "चौकातल्या प्लॉटाला सगळ्यात जास्त भाव. तिथं तू चिंचा ठेवतीस?" नानांनी काहीच म्हटलं नाही. त्यांचा बांध पुसून त्यावरून बारा मीटरचा रस्ता गेला होता, त्या रेघेवर त्यांचं बोट दहा मिनिटं होतं. तो बांध पणजोबांनी घातलेला. खरा प्रश्न बापूंनी विचारला, आणि इतक्या वर्षांत कुठल्या आर्किटेक्टनं तो मला इतका सरळ सांगितला नव्हता: "आपण रस्ता बांधापर्यंत नेऊन उघडा ठेवला, की शेजाऱ्याचं रान फुकटात रस्त्याला येतंय. त्याचा भाव आपण का वाढवायचा?"

माझ्या कॉलनीतली भिंत याच हिशेबानं उभी आहे. ती बांधली तेव्हा मला हे समजलं नव्हतं.

उत्तर जुनं आहे. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यात ते होतं, आता 1966 च्या कायद्यात आहे. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, बांध पुसायचे, रस्ते आणि मोकळ्या जागा आधी काढायच्या, मग ज्याच्या त्याच्या हिश्श्यानं थोडा लहान पण चौकोनी, रस्त्याला लागलेला भूखंड परत द्यायचा. खर्च आणि फायदा वाटून. अहमदाबादला अशा योजनांवर अर्धं शहर उभं राहिलं. पण कायद्यातलं वाचून दाखवलं की चुलते पेंगतात, म्हणून जानेवारीतच क्रूझर करून सगळ्यांना हडपसरला मगरपट्टा दाखवून आणलं होतं. चारशेवर एकर ऊस, सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबं, बहुतेक सगळे मगर. आपली जमीन दुसरा कुणी घेईल त्याआधी त्यांनी ती स्वतःच एकत्र केली, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात शेअर. 2000 च्या सुमारास काम सुरू. आत ऑफिसं, शाळा, दवाखाना, बागा. आबा फूटपाथवर बसकण मारून म्हणाले, "हितं फरशी आमच्या देवघरापेक्षा बरी हाय." परतताना क्रूझरमध्ये मात्र तात्या: "ते पुण्याजवळ. आपल्याकडं कंपन्या कोण आणणार, तू?"

खरं आहे. आमच्या वस्तीतला माणूस कामाला कुपवाडच्या एमआयडीसीत नाहीतर विश्रामबागच्या बाजूला जाणारच, मोटरसायकलवर. मी त्यांना कारखाना देऊ शकत नाही. पण माणूस दिवसातून एकदा कामाला जातो. दूध, दळण, शाळा, गोळ्या, मोबाईलचा रिचार्ज, देऊळ, पोराची शिकवणी यासाठी घरातलं कुणी ना कुणी दहादा बाहेर पडतं. मगरपट्ट्याचं मला एक नाही आवडलं, गेटावरचा वॉचमन. आतल्या आत चाला आणि गेटाबाहेर परत तोच हडपसरचा गोंधळ. ती माझ्याच भिंतीची श्रीमंत आवृत्ती वाटली. हे मी गाडीत बोलले नाही. शेअर ऐकून बापू नुकतेच खुशीत आले होते.

तर शेजारी. पूर्वेकडच्या भावकीशी आमच्या नानांची बांधावरून 18 वर्षं केस चालू आहे. दीड फूट. तारखांना नाना इस्त्रीचा शर्ट घालून जातात, पलीकडचे म्हातारेबुवाही, आणि कोर्टाबाहेर एकाच गाड्यावर दोघं पाठ करून चहा पितात.

मेच्या शेवटी भावाला घेऊन मी रानात फक्की टाकली. कागदावर कुणालाच कळत नाही, जमिनीवर पांढरी रेघ दिसली की कळतं. पहिल्यांदा टाकली आणि रात्री वळीव झाला, सगळी धुऊन गेली. दुसऱ्यांदा टाकली. आडवा रस्ता, दोन रेघा, नानांच्या चिंचेपासून पूर्वेच्या बांधापर्यंत. तिथं मी पाटी संपवून उभी राहिले तर पलीकडचे बुवा धोतराचा सोगा धरून बघत उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"पोरी, ही रेघ इथंच थांबणार?"

म्हटलं, "पुढं तुमचं रान आहे, आजोबा. तुम्ही म्हणाल तशी."

त्यांनी बांधावर पाय ठेवला, त्या दीड फुटावरच, आणि त्यांच्या उसाकडं बघितलं. मग म्हणाले, "तुझ्या नानाला सांग, आधी केस मागं घे म्हणावं."

संध्याकाळी नानांना जसंच्या तसं सांगितलं. ते तंबाखू मळत होते. म्हणाले, "त्यानं घालून ठेवलीय, मी कशी मागं घेऊ?" आई आतून ओरडली की मग दोघं मिळून घ्या, आणि गिरणीचं काय ठरलं ते आधी सांगा. पुढची तारीख 14 ला आहे. नानांनी शर्ट इस्त्रीला टाकलाय, आणि फक्कीची उरलेली पाटी उचलून ती पावसात भिजायला नको म्हणून पडवीत आणून ठेवलीय.